४० मिनिटांचे सलाईन, आणि त्यानंतरचे आठवडे

भूलतज्ज्ञांना केटामिन नवे नाही. भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग करायचे असो की अपघातात मोडलेले हाड बसवायचे असो, तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत हे इंजेक्शन गेली कित्येक दशके वापरात आहे. त्याने श्वास फारसा दबत नाही, रक्तदाब खाली जात नाही, मोठी यंत्रसामग्री नसली तरी काम भागते आणि ते स्वस्तही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. आता हेच औषध, भुलीच्या मात्रेपेक्षा बऱ्याच कमी प्रमाणात, नैराश्यावर दिले जाते. मुंबई-पुण्यातले काही मानसोपचारतज्ज्ञही भूलतज्ज्ञांना सोबत घेऊन हा उपचार देतात. साहजिकच नातेवाईक विचारू लागले आहेत, ‘एका सलाईनमध्ये डिप्रेशन जाते म्हणे, खरे आहे का?’

उत्तर अर्धे ‘हो’ आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय मात्र पैसे भरू नयेत.

केटामिन अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये तयार केले. आधीचे फेन्सायक्लिडिन हे औषध भूल उत्तम देई, पण शुद्धीवर येताना रुग्ण तासन् तास भ्रमात राहत. त्याला सौम्य भाऊ हवा होता. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कोर्सेन यांनी केटामिन पहिल्यांदा माणसांना दिले, तेही मिशिगनमधील जॅक्सन तुरुंगातल्या कैद्यांना. आजच्या नीतिनियमांत हे बसणार नाही, पण तेव्हा ते सर्रास चाले. डोळे उघडे, श्वास चालू, पण माणूस जणू स्वतःच्या शरीरापासून सुटलेला, असे दृश्य डॉक्टरांनी पाहिले. या अवस्थेला ‘डिसोसिएटिव्ह’, म्हणजे विलग करणारी भूल, हे नाव डॉमिनो यांच्या पत्नीने सुचवले. १९७० मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले.

मनाच्या आजाराकडे ते वळले ते तब्बल तीस वर्षांनी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा मोठा दोष म्हणजे त्यांचा संथपणा. आज गोळी सुरू केली तर नीट फरक जाणवायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार रोज येतात, त्याच्यासाठी हा काळ फार मोठा असतो. शिवाय साधारण एक तृतीयांश रुग्णांना एकामागून एक औषधे बदलूनही पुरेसा आराम पडत नाही. या गोळ्यांची मूळ कल्पना १९५० च्या दशकातली आहे. क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधाने त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली, तिथून ही वाट सुरू झाली. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांचे प्रमाण वाढवणे हाच तेव्हापासूनच्या बहुतेक औषधांचा मार्ग राहिला. नवी औषधे अधिक सुरक्षित झाली, वेगवान मात्र झाली नाहीत.

येल विद्यापीठातल्या गटाने २००० साली अवघ्या सात रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. केटामिनने त्यांचे नैराश्य तीन दिवसांच्या आत लक्षणीय कमी झाले होते. सातच रुग्ण, म्हणून फारसे कोणी मनावर घेतले नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या गटाने आधीच्या औषधांना दाद न दिलेल्या १८ रुग्णांवर चाचणी केली. केटामिन मिळालेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांना दुसऱ्याच दिवशी स्पष्ट आराम होता. काहींना तर दोन तासांच्या आत. मानसोपचारात असे आकडे कोणी पाहिले नव्हते. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, जो बातम्यांत सहसा येत नाही. हा आराम आठवडाभर टिकला तो ३५ टक्के रुग्णांत.

इतक्या लवकर परिणाम होतो कसा? केटामिन सेरोटोनिनच्या मागे जात नाही. ग्लुटामेट हा मेंदूतला सर्वात मुबलक संदेशवाहक आहे आणि त्याच्या ‘एनएमडीए’ नावाच्या ग्राहीला केटामिन अडवते. येलच्याच रोनाल्ड ड्युमन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की एका डोसनंतर २४ तासांत मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींवर नवे जोड उगवतात. दीर्घ ताणात हेच जोड झडतात. माणसातही नेमके हेच घडते का, यावर वाद आहेत. ओपिऑइड यंत्रणेचाही वाटा असावा, असे काहींचे मत आहे.

उपचाराची रीत साधी आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम, शिरेतून ४० मिनिटांत सावकाश द्यायचे. भुलीसाठी याच्या दुप्पट ते चौपट मात्रा एकदम दिली जाते. सलाईन चालू असताना खोली लांब गेल्यासारखी वाटते, आवाज बदलतात, हातपाय आपले नाहीत असे वाटते. काहींना हे हलके वाटते, काहींना भयंकर. रक्तदाब चढतो, मळमळ होते. तासाभरात बहुतेक गोष्टी निवळतात, पण त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सहसा आठवड्यातून दोन-तीनदा, अशी सहाच्या आसपास सलाईन दोन-तीन आठवड्यांत दिली जातात.

आता संशोधकांची अडचण. औषध खरेच काम करते का हे पाहायचे तर कोणाला औषध व कोणाला नुसते मिठाचे पाणी मिळाले, हे रुग्णाला कळता कामा नये. पण ज्याला खोली तरंगताना दिसते त्याला ते कळणारच! २०१३ च्या एका चाचणीत म्हणून मिठाच्या पाण्याऐवजी गुंगी आणणारे मिडाझोलॅम वापरले. दुसऱ्या दिवशी आराम पडला तो केटामिन गटात ६४ टक्के, मिडाझोलॅम गटात २८ टक्के रुग्णांना. फरक राहिला, पण पहिल्यापेक्षा आटला. मग स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक युक्ती काढली. नैराश्य असलेले आणि दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया होणार असलेले ४० रुग्ण निवडले आणि ते पूर्ण भुलीत असताना निम्म्यांना केटामिन, निम्म्यांना मिठाचे पाणी दिले. तरंगण्याचा अनुभव कोणालाच आला नाही. २०२३ मध्ये आलेला निकाल असा, की दोन्ही गटांचे नैराश्य सरासरी जवळपास निम्म्याने उतरले आणि दोहोंत फरक नव्हता!

याचा अर्थ केटामिन थोतांड आहे असा काढणे घाईचे होईल. चाचणी लहान होती, आणि भुलीच्या इतर औषधांचाही मनावर परिणाम झाला असू शकतो. पण आशेचा, अपेक्षेचा आणि कोणीतरी आपली नीट काळजी घेत असल्याच्या जाणिवेचा यात मोठा वाटा आहे, हे या चाचणीनंतर नाकारता येत नाही. मला स्वतःला गेल्या काही वर्षांतला हा सर्वात बोलका प्रयोग वाटतो.

शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटीशी तुलना केली तरी चित्र एकरंगी नाही. अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत, २०२३ मध्ये, केटामिनने ५५ टक्के तर ईसीटीने ४१ टक्के रुग्णांना आराम पडला. स्वीडनमध्ये त्याच्या आदल्या वर्षी उलट निकाल आला होता: आजार जवळपास पूर्ण उतरलेले रुग्ण ईसीटीने ६३ टक्के, केटामिनने ४६ टक्के. अमेरिकेच्या चाचणीत भास-भ्रम असलेले रुग्ण घेतले नव्हते, तर स्वीडनमधले रुग्ण इस्पितळात दाखल असलेले आणि अधिक आजारी होते. म्हणजे रुग्ण कोण आहे त्यावर उत्तर ठरते. ईसीटीविषयी आपल्याकडे सिनेमांनी जी दहशत बसवली आहे, तिच्यापोटी कोणी केटामिन निवडू नये. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ईसीटी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय देताच येत नाही.

खरी कसोटी सहा सलाईन संपल्यावर लागते. पुढे काहीच केले नाही तर बऱ्याच रुग्णांत आजार काही आठवड्यांत परततो. मग पुन्हा सलाईन, पुन्हा खर्च. वर्षानुवर्षे केटामिन घेतल्याने काय होते याची माहिती अपुरी आहे. नशेसाठी नियमित घेणाऱ्यांत मूत्राशय आक्रसून लघवीचा असह्य त्रास होतो, हे ठाऊक आहे. ‘फ्रेंड्स’ मालिकेतला अभिनेता मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये ५४ व्या वर्षी गेला, त्याचे मुख्य कारण केटामिन ठरले. तो वैद्यकीय उपचार म्हणून ते घेत होता, पण शेवटचे अधिकृत सलाईन सुमारे दीड आठवडा आधीचे होते. जीवघेणे केटामिन त्याने बाहेरून मिळवले होते. या प्रकरणात दोन डॉक्टरांनी गुन्हा कबूल केला. म्हणूनच केटामिन घरी न्यायला देणाऱ्या दवाखान्याच्या वाटेला जाऊ नये. भारतात हे औषध शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते.

सलाईनवाटे केटामिन नैराश्यासाठी देणे अमेरिकेतही परवान्याबाहेरचे आहे. तिथे २०१९ मध्ये मंजूर झाला तो त्याचाच भाऊ, एसकेटामिनचा नाकातला फवारा. तोही दवाखान्यात दोन तास देखरेखीखाली. आत्महत्या टळतात असे सिद्ध झालेले नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच छापले आहे. आघातानंतरचा ताण, मंत्रचळ यांसाठीही केटामिनची जाहिरात होते. मंत्रचळावरच्या चाचण्या छोट्या आहेत, तर आघातग्रस्त सैनिकांवरच्या २०२२ मधल्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही.

दवाखान्यात जाल तेव्हा विचारा: निदान मानसोपचारतज्ज्ञाने केले आहे का, सलाईनच्या वेळी रक्तदाब कोण पाहणार, आणि सहाव्या सलाईननंतर काय? गोळ्या आणि समुपदेशन यांची आखणी नसेल तर थांबावे. अनियंत्रित रक्तदाब, स्किझोफ्रेनिया, गर्भारपण किंवा व्यसनाचा इतिहास असेल तर तो आधीच सांगावा. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण आला नसेल, त्यांच्यासाठी हा उपचार आहे. आपल्याकडे पंधरा दिवसांत गोळ्या सोडून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणारे पुष्कळ. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांचे शंभरांतले ऐंशीहून अधिक रुग्ण कोणत्याच उपचारापर्यंत पोचत नाहीत. त्यांना केटामिनच्या आधी साधी गोळी आणि ऐकून घेणारा डॉक्टर हवा आहे.

घरात कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर सलाईनच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटे न ठेवता जवळच्या रुग्णालयात न्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.