बिडाचा तवा : सहाशेचा की साडेतीन हजारांचा?

मेकॅनिकलला असण्याचा एक मोठा तोटा आहे. शेजारच्या काकूंचा मिक्सर अडकला की आपण, गल्लीतली पाण्याची मोटर बंद पडली की आपण! यंदा माझ्या ताईने हाच हक्क बजावला. तिचं लग्न ठरलंय, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये संसार मांडायचाय आणि डिपॉझिटमध्येच दोघांची निम्मी शिल्लक गेलीय. तिने दोन बिडाचे तवे बघून ठेवले होते. एक आठवडी बाजारातला, बिननावाचा, सहाशे रुपयांचा. दुसरा दुकानातला, आरशासारखा गुळगुळीत, खोक्यात बसलेला, साडेतीन हजारांचा. वजन दोघांचंही साधारण दोन किलो. वर दुकानदाराने सांगितलेलं, "यात केलेलं खा, रक्त वाढतं." ताईचं हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत ९ आलं होतं, त्यामुळे हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. म्हटलं, चला, चार वर्षं जे घोकलं ते एकदा तरी वापरू.

बीड म्हणजे काय?

बीड जिल्ह्याशी याचा काहीही संबंध नाही. बीड म्हणजे कास्ट आयर्न. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड साधारण ११५० ते १२०० लाच पातळ होतं. म्हणून ते साच्यात ओतता येतं. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट १७०७ साली घेतलं. तव्याचं तत्त्व आजही तेच आहे.

मेसमध्ये मावशी ज्यावर पोळ्या भाजतात तो लोखंडी तवा वेगळा. तो पत्र्याचा, पातळ, पडला तर वाकेल पण फुटणार नाही. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ताण आला की त्या पापुद्र्यांच्या टोकापासून तडा धावतो. त्यामुळे बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला किंवा तापलेला असताना नळाखाली धरला, तर फुटू शकतो. सहाशेचा असो वा साडेतीन हजारांचा!

आता थोडं गणित

लोक म्हणतात बीड उष्णता "छान पसरवतं". साफ चूक. बिडाची थर्मल कंडक्टिव्हिटी ५० च्या आसपास, ॲल्युमिनियमची २०० च्या वर. म्हणजे बर्नरच्या बरोबर वरचा भाग तापतो आणि कडा थंड राहतात. बिडाचं बळ पसरवण्यात नाही, साठवण्यात आहे.

दोन किलोचा बिडाचा तवा घ्या. विशिष्ट उष्मा ०.४६, म्हणजे तवा एक अंशाने तापवायला ०.९२ किलोज्यूल लागतात. सहाशे ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या नॉनस्टिक तव्याला ०.५४ किलोज्यूल. आता शंभर ग्रॅम आंबोळीचं पीठ ओता. हिशेबापुरतं ते पाणीच समजू. ते ३० वरून १०० अंशांवर न्यायला साधारण २९ किलोज्यूल हवेत. खालची आच क्षणभर विसरा आणि सगळी उष्णता तव्यातूनच गेली असं धरा. बिडाचा तवा सुमारे ३२ अंशांनी उतरेल, ॲल्युमिनियमचा सुमारे ५४ अंशांनी. एक २०० वरून १६८ वर, दुसरा १४६ वर. पहिल्या घटकेला आंबोळीला जाळी का पडते आणि खालून खरपूस का होते, याचं उत्तर या बावीस अंशांत आहे.

या गणितात किंमत कुठे आली? कुठेच नाही. वजन आलं, विशिष्ट उष्मा आला. तेवढं काम दोन्ही तवे सारखंच करणार.

मग जास्तीचे एकोणतीसशे कशाचे?

अगदीच हवेतले नाहीत. वाळूच्या साच्यातून निघालेला तवा खरखरीत असतो. तो मशिनिंग करून गुळगुळीत करायला टूल झिजतं, वेळ जातो, वीज जाते. शिवाय जाडी सगळीकडे सारखी ठेवणं, ब्लो होल निघालेला माल बाद करणं, तेलाचा थर आधीच भाजून देणं, जड माल नीट पॅक करून पाठवणं, या सगळ्याला पैसे पडतात. उरलेले नावाचे.

अमेरिकेत हाच वाद चालतो. तिथल्या टेनेसी राज्यातली लॉज ही कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओततेय. तिचा साधा दहा इंची तवा खरखरीतच असतो आणि तीस डॉलरच्या आत मिळतो. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रिसवोल्डचे जुने तवे गुळगुळीत असत. तो गुळगुळीतपणा परत आणू म्हणणाऱ्या नव्या कंपन्या दीडशे डॉलरच्या वर घेतात. म्हणजे फरक आहे, पण तो पृष्ठभागाचा.

आणि हा फरक वापराने कमी होतो, हीच तर गंमत. तव्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवलं की तेलाचं पॉलिमरायझेशन होतं. चिकट तेलाचा कडक, काळा थर बनतो. असं तीन-चारदा केलं, मग महिनाभर नेमाने घावन-आंबोळ्या काढल्या की खड्डे भरत जातात. कोकणात अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवतात आणि तव्यावर फिरवतात. तेल पातळ आणि सारखं लागतं. लॅबमध्ये यालाच "युनिफॉर्म कोटिंग" म्हणून मार्क मिळतात.

फ्रेंच मीनाकारीच्या भांड्यांची गोष्ट वेगळी. ले क्रूसे ही कंपनी १९२५ पासून बिडावर काचेचा थर चढवतेय. त्यात चिंच, कोकम, टोमॅटो काहीही शिजवा, लोखंड उतरत नाही आणि गंजही धरत नाही. मोठं भांडं चारशे डॉलरच्या घरात जातं. वस्तू उत्तम, पण आपली आमटी स्टीलच्या पातेल्यात होते आणि डाळ कुकरमध्ये कमी गॅसवर शिजते. आपल्या स्वयंपाकाला तिची गरज नाही, हौस असेल तर जरूर घ्या.

रक्ताचं काय?

हा मुद्दा मात्र थट्टेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आणि दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य आहे. इथिओपियातल्या लहान मुलांवर झालेला एक प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वर्षभर लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं.

पण इथे एक पेच आहे. अन्नात लोखंड उतरायला तीन गोष्टी लागतात : आंबटपणा, ओलावा आणि वेळ. आंबोळी तव्यावर दोन-तीन मिनिटंच असते, तीही तेलाच्या थरावर. तो थर जितका पक्का, तितकं लोखंड कमी उतरणार. म्हणजे ज्या गुणासाठी आपण तवा जपतो, तोच गुण रक्तवाढीच्या आड येतो. लोखंड हवंच असेल तर साध्या लोखंडी कढईत टोमॅटो घालून पालेभाजी करावी आणि झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते. आणि हिमोग्लोबिन ९ असेल तर आधी डॉक्टर, त्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, मग कढई. ताईला मी हेच सांगितलं. तिने सहाशेचा तवा आणि एक लोखंडी कढई घेतली, गोळ्याही सुरू केल्या.

घेताना काय बघाल?

तवा सपाट फरशीवर ठेवा, डगडगला तर नको. तळावर स्टीलची पट्टी उभी धरा, खालून उजेड दिसतो का बघा. बोटाने अधांतरी धरून टिचकी मारा. बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. बारीक भोकं आणि कडेची कमी-जास्त जाडी तपासा. काही स्वस्त तव्यांना गंज धरू नये म्हणून काळा रंग लावलेला असतो. बोटाला रंग लागला तर तो तवा परत ठेवा. घरी आणल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्या, म्हणजे कडाही तापतात. धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचं बोट फिरवा.

जास्त पैसे कधी द्यावेत? मनगट दुखत असेल आणि महाग तवा खरोखर हलका असेल तर. किंवा तो महिनाभराचा खटाटोप करायला वेळ नसेल तर. एरवी नाही.

आणि हो, हा तवा इंडक्शनवरही चालतो. पण हे वाचून कुणी रूमवर इंडक्शन आणलं आणि रेक्टर सरांनी जप्त केलं, तर त्याची जबाबदारी लेखकाची नाही!

— एक मेकॅनिकलवाला, अंतिम वर्ष