खेळ अर्ध्यावर का सुटतो?

तुमच्या संगणकावर किंवा घरातल्या मोबाइलवर जेवढे व्हिडिओ गेम आजवर उतरवले गेले, त्यांची एक यादी करा. त्यांपैकी जे शेवटपर्यंत खेळून झाले त्यांच्यापुढे खूण करा. यादी लांबलचक आणि खुणा मोजक्या, असेच बहुतेकांचे होईल. माझेही तसेच झाले.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका विद्यार्थ्यामुळे. गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा तासानंतर थांबला आणि म्हणाला, "सर, मी कुठलीच गोष्ट पूर्ण करत नाही. साधा गेमसुद्धा अर्ध्यावर सोडतो. मला फिजिक्स झेपणार नाही." मी त्याला चिकाटीवर पाच मिनिटांचे भाषण ऐकवले. तो "हो सर" म्हणून गेला, आणि दिवाळीनंतर त्याने शाखा बदलली. भाषण करण्याआधी मी थोडी आकडेमोड करायला हवी होती. ती राहून गेलेली आकडेमोड आज तुमच्याबरोबर करू.

आधी एक खरा आकडा घ्या. 'रेड डेड रिडेम्पशन' हा खेळ २०१० साली आला. त्याची वाहवा झाली, लाखो लोकांनी तो विकत घेतला. खेळाडूंच्या नोंदी ठेवणाऱ्या 'रॅप्टर' या सेवेची आकडेवारी २०११ साली वृत्तांतून प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार या खेळातील शेवटची मोहीम पार करणारे अवघे १० टक्के होते. शंभरातले नव्वद वाटेत गळाले! हे नव्वद जण आळशी होते असे म्हणायचे का? तसे म्हणण्यापूर्वी गळती किती वेगाने झाली असेल ते पाहू.

समजा, एका खेळात २० टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले फक्त १० जण खेळ सोडतात, ९० पुढे जातात. दहातला एक जण गेला, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दुसऱ्या टप्प्यावर उरतात ९० चे ९० टक्के, म्हणजे ८१. तिसऱ्यावर ७३. असे वीस वेळा ०·९ ने गुणत गेलात की उत्तर येते ०·१२. म्हणजे शंभरातले १२ जण! कोठेही मोठा अपघात न होता, नुसत्या थेंब-थेंब गळतीने घागर जवळजवळ रिकामी झाली.

हे कागदावर पटत नसेल तर घरी करून पाहा. ६० चिंचोके घ्या. प्रत्येक चिंचोका म्हणजे एक खेळाडू. प्रत्येकासाठी एकदा फासा टाका. १ पडला तर तो खेळाडू घरी गेला, चिंचोका बाजूला ठेवा. सर्वांची एक फेरी झाली की उरलेल्यांची संख्या वहीत लिहा आणि दुसरी फेरी सुरू करा. एकूण सुमारे तीनशे वेळा फासा टाकावा लागेल, तेव्हा ल्यूडोचे चार-पाच फासे जमवून भावंडांना मदतीला घ्या. चार फेऱ्यांत निम्मे चिंचोके संपतील आणि दहा फेऱ्यांनंतर दहाच्या आसपास उरतील. फाशाला कोणाची चिकाटी कळत नाही, तरीही बहुतेक 'खेळाडू' खेळ पूर्ण करत नाहीत.

दहावीच्या पुढच्या वाचकांना हा आलेख ओळखीचा वाटेल. किरणोत्सारी पदार्थाचे अणू असेच क्षय पावतात, आणि निम्मे अणू संपायला लागणाऱ्या काळाला आपण अर्धायुकाल म्हणतो. आपल्या १० टक्के गळतीच्या खेळाचा अर्धायुकाल साडेसहा टप्प्यांचा आहे.

पण येथे सावध राहायला हवे. अणूला स्मरण नसते. हजार वर्षे टिकलेला युरेनियमचा अणू पुढच्या क्षणी फुटण्याची जेवढी शक्यता, तेवढीच ती कालच तयार झालेल्या अणूची. खेळाडू मात्र शिकतो, कंटाळतो, विसरतो. शिवाय सगळे खेळाडू एकाच जातीचे नसतात. काही नुसते डोकावायला येतात, काही मुक्कामाला. अर्धायुकाल लहान आणि मोठा असलेले दोन किरणोत्सारी पदार्थ एकत्र केले, तर आधी अल्पजीवी भराभर संपतात आणि मग आलेख सपाट होत जातो. खेळांचे आलेखही पुष्कळदा असेच सुरुवातीला घसरगुंडीसारखे आणि पुढे पठारासारखे दिसतात. पहिल्या तासात जे जातात त्यांतले कित्येक जण मुळात राहायला आलेलेच नव्हते.

मग खेळाडू कोठे कंटाळला आणि कोठे हरला हे कसे ओळखायचे? येथे वजाबाकी फसवते, भागाकार खरे बोलतो. एक काल्पनिक उदाहरण देतो. आठ टप्पे गाठणाऱ्या खेळाडूंची संख्या क्रमाने अशी आहे: १००, ९२, ८५, ७८, ४१, ३८, ३५, ३२. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना ७ जण गेले, सातव्यावरून आठव्यावर जाताना ३. वजाबाकी म्हणते, शेवटी गळती कमी झाली. पण ७८ भागिले ८५ आणि ३२ भागिले ३५ करून पाहा. दोन्ही उत्तरे ०·९२ च्या आसपास येतात, म्हणजे गळतीचा दर तोच आहे. आता ४१ भागिले ७८ करा. ०·५३! चौथ्या आणि पाचव्या टप्प्यांच्या मध्ये काहीतरी आहे. तेथे खेळाडू बदललेले नाहीत. तेथे भिंत आहे.

अशा भिंतीचा एक नमुना माझ्या लहानपणीचा आहे. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे टीव्ही गेम आले. शेजारच्या दादाकडे 'कॉन्ट्रा'चे पिवळे कार्ट्रिज होते आणि आम्ही चौघे रांग लावून बसायचो. १९८८ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आलेल्या या खेळात ८ टप्पे आणि हातात ३ जीव. गोळी लागली की एक जीव गेला. समजा, तुम्ही प्रत्येक टप्प्यावर सरासरी एकदा मरता. नवशिक्याला हे वाईट नाही. म्हणजे आठ टप्प्यांत सरासरी ८ मरणे, आणि परवानगी फक्त २ मरणांची, कारण तिसऱ्याला खेळ खलास. जिंकण्याची संभाव्यता काढली तर ती हजारात सुमारे १४ येते. (गणिताच्या सरांना प्वासाँच्या वितरणाबद्दल विचारा, ते पडताळून देतील. हरल्यावर खेळात आणखी काही संधी मिळतात, त्या मी हिशेबात धरलेल्या नाहीत.) आता तोच खेळाडू, तेच कौशल्य, फक्त ३ ऐवजी ३० जीव द्या. न जिंकणारा शोधूनही सापडणार नाही! आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॉन्ट्रात बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की खरोखरच ३० जीव मिळत.

त्या क्रमाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 'ग्रेडियस' हा खेळ १९८६ साली घरगुती यंत्रासाठी तयार होत होता. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी शेवटपर्यंत खेळून पाहायचा होता, पण तो इतका अवघड होता की त्यांनाच जमेना. म्हणून सगळी शस्त्रे एकदम देणारी बटणांची ही गुप्त किल्ली त्यांनी त्यात घातली. ज्याच्या हातून खेळ तयार झाला त्याच्याच हातून तो पुरा होईना! मग आम्हा पोरांची काय कथा.

आमच्या गल्लीतील दुसरी भिंत वीज मंडळाची. त्या काळच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठवण्याची सोय नव्हती. यंत्राच्या स्मृतीतील नोंदी विजेच्या जोरावर टिकत, वीज गेली की पाटी कोरी. सातव्या टप्प्यावर दिवे गेले तर पुन्हा पहिल्यापासून. सापशिडीत ९८ वर सापाने गिळल्यावर पट उधळून देणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. त्याचे दुःख मला तेव्हापासून समजते. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी बसवली होती. ती त्या स्मृतीला सतत वीज देत राही आणि खेळ काल सोडला तेथून आज सुरू करता येई. एवढ्याशा बॅटरीमुळे कितीतरी लांबीचे खेळ शक्य झाले.

आता तर प्रगती आपोआप साठते, अवघडपणा कमी-जास्त करता येतो. मग आजचे खेळ का सुटतात? माझ्या मते मुख्य कारण लांबी, आणि तीही एका आडवळणाने. 'द विचर ३' (२०१५) या खेळाची नुसती मुख्य कथा संपवायला पन्नासेक तास लागतात. आठवड्यातून रविवारी एक तास खेळणाऱ्याला जवळजवळ एक वर्ष! वर्षभरात चाचणी परीक्षा येते, मामाकडे लग्न निघते, ताप येतो. महिनाभर खंड पडतो.

या खंडात काय होते ते नीट पाहा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले की माणूस कामात रंगून जातो तो काम आणि कौशल्य तुल्यबळ असताना. काम फार सोपे झाले तर कंटाळा, फार अवघड झाले तर धास्ती. चांगला खेळ तुमच्या कौशल्याबरोबर एकेक पायरी चढत जातो. पण महिनाभराच्या खंडात तुमचे कौशल्य खाली उतरते. कोणते बटण कशाचे, नकाशात आपण कोठे निघालो होतो, हे विसरते. खेळ मात्र जेथे ठेवला तेथेच, वरच्या पायरीवर वाट पाहत असतो. तुम्ही परत येता तेव्हा समोर भिंत असते. ती खेळ बनवणाऱ्याने बांधलेली नाही, तुम्हीही नाही. ती नुसत्या काळाने उभी राहिली. दहा मिनिटे धडपडून तुम्ही यंत्र बंद करता आणि स्वतःला म्हणता, 'पुढच्या रविवारी.' विसरण्याचा वक्र एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच मांडला होता, आणि तोही सुरुवातीलाच सर्वांत वेगाने उतरतो.

सुरुवातीच्या गळतीवर एक मजेदार उपाय सापडला तो मात्र मोटारी धुण्याच्या केंद्रात. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०० गिऱ्हाइकांना कार्डे वाटली. निम्म्यांच्या कार्डावर ८ रिकामे चौकोन होते. आठ धुलाया झाल्या की एक फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर १० चौकोन, पण त्यांतल्या २ वर आधीच शिक्के मारलेले. दोघांनाही आठच धुलाया हव्या होत्या. पहिल्या गटातील १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी! आपण निघालो आहोत असे वाटले की पाय उचलतो. खेळाच्या पहिल्या पाच मिनिटांत तुमच्यावर पदकांचा आणि नाण्यांचा वर्षाव का होतो, हे आता तुम्हीच सांगा.

काही खेळांना तर शेवटच नसतो, तेथे 'अर्धवट' हा शब्दच गैरलागू. १९८० सालच्या 'पॅक-मॅन'च्या यंत्रात टप्प्याचा क्रमांक ८ बिटांत ठेवलेला होता. ८ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. म्हणून २५६ व्या टप्प्याला हिशेब बिघडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. बनवणाऱ्यांनी तेथवर कोणी पोचेल हे धरलेच नव्हते. १९८९ सालच्या निन्टेन्डोवरील 'टेट्रिस'चे तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमातील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या टप्प्यावर तो खेळ गोठवला. खेळाची गाडी अशी अडेपर्यंत माणसाने खेळत राहण्याची ही पहिलीच नोंद. मधल्या ३४ वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो खेळला त्या सर्वांनी तो 'सोडला', आणि मजेत सोडला.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. दर पंधरवड्याला मी वर्गाला उदाहरणांचा एक कागद सोडवायला देतो. कोणी किती कागद परत दिले याची नोंद माझ्या वहीत होतीच. चिंचोक्यांचा हा खेळ करून झाल्यावर एका रात्री मी ती वही काढली आणि वरीलप्रमाणे भागाकार केले. पहिले तीन कागद ठीक होते. चौथ्यापाशी, म्हणजे सदिशांच्या गुणाकाराच्या कागदापाशी, कडा होता. त्या मुलाचेही पहिले तिन्ही कागद आलेले होते. शेवटचा तर नीटनेटका, आकृत्यांसह. मी चौथा कागद वाचायला घेतला. वर्गात एकदाही न केलेल्या प्रकाराची दोन उदाहरणे त्यात अगदी आरंभीच होती.

यंदा तो कागद मी दोन भागांत दिला आहे आणि ती दोन उदाहरणे शेवटी नेली आहेत. पाचवा कागद पुढच्या सोमवारी परत येईल, मग नवा भागाकार करीन. तुमच्या संगणकावरच्या एखाद्या खेळात प्रत्येक टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला याची यादी मिळत असेल, तर तुम्हीही करून पाहा. पहिल्या टप्प्याची संख्या १०० धरा, पुढच्या सर्व संख्या त्या प्रमाणात काढा, आणि प्रत्येकीला तिच्या आधीच्या संख्येने भागत जा. जेथे उत्तर एकदम खाली येईल, त्या टप्प्यापर्यंत स्वतः खेळून बघा.