कुत्रा चुकतो की आपण?

दोस्तांनो, पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी ओलांडून चाकणकडे निघालं, की कुरुळी गाव लागतं. आजूबाजूला कारखाने, गोदामं, रात्रपाळीची ये-जा. अशा गावात राखणीला कुत्रा हवाच! कुणाच्या दारात तो साखळीला बांधलेला असतो, तर कुणी कंपनीच्या गेटपाशी चहा-बिस्किटावर वाढलेला असतो. पण या राखणदाराबद्दल आपल्या डोक्यात काय काय भरलेलं असतं, पाहा बरं!

गैरसमज पहिला : गावठी कुत्रं काही शिकत नाही

कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची परीक्षा घेतली. झाकलेली दोन भांडी ठेवायची आणि त्यांतल्या एकाकडे बोट दाखवायचं. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे कुत्रे जवळ आले, त्यांतले सुमारे ऐंशी टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. त्यांना कुणीही शिकवलेलं नव्हतं! मात्र जवळजवळ निम्मे कुत्रे घाबरून जवळ आलेच नाहीत. म्हणजे अडचण बुद्धीची नाही, भीतीची आहे.

गैरसमज दुसरा : धाक हवाच, नाहीतर डोक्यावर बसेल

ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेतल्या लांडग्यांचा अभ्यास केला. ते लांडगे वरचढ होण्यासाठी भांडत. त्यावरून लोकांना वाटलं, कुत्र्यालाही दाबातच ठेवायला हवं. पुढे डेव्हिड मीच यांनी जंगलातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाबा आणि पिल्लांचं कुटुंब असतं. मग काठी कशाला उगारायची?

गैरसमज तिसरा : चूक केली की त्याला बरोबर कळतं

चप्पल फाडली, मान खाली घातली, म्हणजे गुन्हा कबूल! असंच वाटतं ना? अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली. खाऊ न खाल्लेल्या कुत्र्यालाही मालक रागावला, की त्याचा चेहरा तस्साच पडायचा. तो चेहरा अपराधाचा नव्हे, आपल्या रागाला घाबरल्याचा असतो. सकाळी फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मार दिलात, तर कुत्रा एवढंच शिकेल, की बाबा कामावरून आले की मार बसतो!

गैरसमज चौथा : बांधून ठेवला की राखण चांगली करतो

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातली एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात बांधून ठेवलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. नवल नाही. घाबरलेला कुत्रा आधी पळायला बघतो. साखळी पळू देत नाही, मग उरतात ते दात! म्हणून त्याला रोज सोबत घेऊन फिरवा आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ एकटे जाऊ नका.

गैरसमज पाचवा : शेपूट हलते आहे, म्हणजे चावणार नाही

सैल अंग, डुलणारी शेपूट म्हणजे खुशी. पण अंग ताठ, नजर रोखलेली आणि शेपूट उंच, भराभर हलणारी असली, तर तिथंच थांबा.

मग शिकवायचं तरी कसं?

आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरला, पोलिसांचे कुत्रे तयार होतात. ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर तिथलाच विद्यार्थी. १९९३ च्या मुंबईतल्या बाँबस्फोटांच्या वेळी त्यानं स्फोटकं शोधून असंख्य जीव वाचवले. वास शोधणाऱ्या कुत्र्यासाठी हे काम म्हणजे खेळच. वास सापडला, की ताबडतोब चेंडू किंवा शाबासकी! घरीही तेच करा. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या. शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरायचा. बाबा ‘बस’, ताई ‘खाली’, आजी ‘गप ऱ्हा’ म्हणाली, तर बिचाऱ्यानं ऐकायचं कुणाचं?

आणि हे विसरू नका

कुत्रा अंगावर आला तर पळू नका, धावणारी वस्तू दिसली की तो पाठलाग करतोच. हात अंगाशी घेऊन स्थिर उभे राहा, त्याच्या डोळ्यांत पाहू नका. सायकलवर असाल, तर वेग कमी करा. चावलाच, तर जखमेवर हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच आई-बाबांना सांगून दवाखाना गाठा. बोलणी बसतील म्हणून लपवू नका! रेबीजची लक्षणं दिसू लागली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळेवर घेतलेली लस त्याला अडवते. डॉक्टर सांगतील तितकी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा आणि आपल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या.

तर दोस्तांनो, काठी ठेवा कोपऱ्यात आणि खिशात घ्या भाकरीचे चार तुकडे. आठवडाभर रोज पाच मिनिटं ‘बस’ शिकवून पाहा. काय होतं, ते आई-बाबांनाही दाखवा!