काउंटरपलीकडचा तवा

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या लहान गावांत पहाटे सर्वांत आधी दिवे लागतात ते डायनर नावाच्या खाणावळीत. मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका गावातला डायनर म्हणजे रस्त्याकडेला उभा असलेला लांबट डबा आहे. बाहेरून इनॅमलचे पत्रे, त्या इनॅमलमध्येच भाजून पक्की केलेली अक्षरं, आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काउंटर आणि समोर जमिनीत रोवलेली गोल स्टुलं. चारदोन टेबलंही आहेत. पण बसायचं ते काउंटरलाच, कारण तिथून तवा दिसतो.

हा तवा म्हणजे गॅसवर तापणारी जाड पोलादी पाटी. ती सगळीकडे सारखी तापत नाही आणि कुठे किती आच आहे हे कुकला पक्कं ठाऊक असतं. एका कडेला, मंद आचेवर, उकडून चिरलेल्या बटाट्यांचा ढीग कांद्याबरोबर खरपूस होत असतो. मागणी आली की त्यातला वाटा तो मधल्या कडक जागेवर ओढून घेतो.

वेट्रेस चिठ्ठी पट्टीला खोचते आणि मागणी मोठ्यानं सांगतेही. समजा, एका टेबलाला पॅनकेक, ऑम्लेट आणि बेकन-अंडी हवी आहेत. तिन्ही बशा एकदम गेल्या पाहिजेत, म्हणून कुक वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडतो. बेकनला वेळ लागतो, ते आधी पडतं. कडा वळू नयेत म्हणून त्यावर लोखंडी वजन ठेवलं जातं. मग पॅनकेकचं पीठ. वर आलेले बुडबुडे फुटले, कडा कोरड्या दिसल्या की एकदाच उलटायचं. उलथन्यानं दाबायचं नाही, नाहीतर फुललेला पॅनकेक बसतो. तेवढ्यात ब्रेड टोस्टरमध्ये जातो. अंडी सगळ्यांत शेवटी, कारण ती क्षणात होतात आणि थांबली की कडक होतात. 'ओव्हर ईझी' सांगितलं असेल तर अंडं उलटून जेमतेम काही सेकंद. आतला बलक वाहताच राहिला पाहिजे. बलक फुटला तर कुक ते अंडं मुकाट्यानं बाजूला सारतो आणि दुसरं फोडतो.

मधल्या प्रत्येक मोकळ्या क्षणी तो तवा खरवडतो आणि साठलेली चरबी पुढच्या पन्हळीत लोटतो. हे राहिलं तर बेकनची करपट चव पुढच्या पॅनकेकला लागते. डोसेवाला दोन डोशांमध्ये पाणी शिंपडून झाडणी फिरवतो, तीच ही शिस्त.

ही कामाची रीत त्या अरुंद डब्यानं घडवली आहे. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट घोडागाडीतून रात्री खाणं विकू लागला. रात्रपाळीचे वृत्तपत्र कामगार त्याचे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला आत उभं राहता येईल अशी गाडी सॅम्युअल जोन्सनं १८८७ मध्ये वूस्टरमध्ये आणली. त्याच शहरातल्या 'वूस्टर लंच कार कंपनी'नं १९०६ ते १९५७ या काळात साडेसहाशेच्या आसपास डायनरचे डबे बांधले. डायनर म्हणजे जुनी ट्राम किंवा आगगाडीचा डबा, असं अनेकांना वाटतं. तसे काही होतेही, पण बहुतेक डायनर कारखान्यातच बांधले गेले आणि तयार होऊन गावोगाव पोहोचले. रस्त्यानं वा रुळांवरून नेता यावेत म्हणून ते अरुंद ठेवले. अरुंद डब्यात वेगळं स्वयंपाकघर मावेना, म्हणून चूल गिऱ्हाइकासमोर आली.

मला डायनरचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं. इथे रांधणारा आणि खाणारा यांच्यात भिंत नाही. कालचे बटाटे आजचे म्हणून खपवता येत नाहीत, अंडं करपलं तर ते दहा जणांना दिसतं. आणि खाणाऱ्यालाही कळतं, की आपली न्याहारी कुणाच्या तरी मनगटातून आणि स्मरणातून उतरली आहे.

वेट्रेसचं कामही तेवढंच कसाचं. कॉफीचा कप निम्मा झाला की ती न विचारता भरते; रोजच्या माणसाला काय हवं हे तो बसण्याआधीच तिला ठाऊक असतं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान मजुरी केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ती जास्त असली, तरी घर चालतं ते टिपवर.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या मराठी आईवडिलांची न्याहारी प्रवासात बहुधा महामार्गावरच्या साखळी हॉटेलांतच होते. एखाद्या सकाळी वाट वाकडी करून त्यांना डायनरमध्ये न्यावं आणि काउंटरला बसवावं. शाकाहारी असाल तर बेकन त्याच तव्यावर भाजतात हे लक्षात ठेवून आपला पदार्थ वेगळ्या पॅनमध्ये करून देता येईल का, हे आधी विचारावं. टोस्ट तर मिळतोच. निघताना बिलाच्या वीस टक्के टिप ठेवावी. समोर बसून ते काम पाहिलेल्या माणसाला ती रक्कम जड वाटत नाही.