पाण्यांतील औषधाचा अंश लोहचुंबकानें कसा शोधतात

गाईस दगडी झाली म्हणजे आपण पशुवैद्याकडून तीस टेट्रासायक्लिनसारखें प्रतिजैविक टोचवितों. गाय बरी होते आणि औषधाचा विषय तेथेंच संपला असें मानतों. वस्तुतः तो संपत नाहीं. औषधाचा बराच भाग न बदलतां शेणमूत्रावाटें बाहेर पडतो, खताबरोबर शेतांत जातो आणि पावसाच्या पाण्यासवें ओढ्याविहिरींस मिळतो. तेथें तो अत्यल्प असला तरी त्यास दाद न देणारे जंतु तगून वाढूं शकतात. मग तेंच औषध पुढें जनावरास अथवा घरांतील मुलास लागू पडेनासें होतें.

हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें औषधी कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करून सोडलेल्या पाण्यांतही सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरास ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु ओढ्याविहिरींतील अंश बहुधा नॅनोग्रॅमांत मोजावा लागतो. एक ग्रॅम औषध शंभर कोटि लिटर पाण्यांत विरघळविलें, तर लिटरास एक नॅनोग्रॅम पडेल! इतकें सूक्ष्म मोजतात कसें, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मातींत सांडलेले दाणे मोजण्यापूर्वीं आपण सुपांत पाखडून एकत्र करतों. तसेंच येथेंही आधीं औषध गोळा करावें लागतें. त्याकरितां मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे, बहुधा दहावीस नॅनोमीटर व्यासाचे कण घेतात. मिलिमीटराचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. कणांवर औषधास धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. अर्ध्या लिटर पाण्यांत असे कांहीं मिलिग्रॅम कण घालून हलविले म्हणजे औषध लेपास चिकटतें. बाटलीस बाहेरून लोहचुंबक लावतांच कण काचेशीं जमतात व पाणी ओतून देतां येतें. चुंबक काढल्यावर इतक्या बारीक कणांत चुंबकत्व उरत नाहीं, म्हणून ते पुनः मोकळे होतात. मग एक मिलिलिटर मिथेनॉलनें ते धुतले कीं औषध त्यांत उतरतें. सर्व औषध उतरलें, तर तें पांचशें पट दाट होतें व यंत्रास मोजतां येतें.

तथापि सर्वच औषध हातीं लागतें असें नाहीं. पाण्यांतील कुजलेल्या पाल्याचा अंश लेपावरील जागा अडवितो. टेट्रासायक्लिन तर चुन्याशीं व चिकणमातीशीं जखडतें. म्हणून नमुन्याच्या दुसऱ्या भागांत ठाऊक वजनाचें औषध मुद्दाम घालून त्यांतील किती परत येतें तें पाहतात. शंभरांपैकीं ऐशीं भाग परत आले, तर आठ नॅनोग्रॅम आढळले असतां खरा अंश दहा समजावा. ही पडताळणी ज्या अहवालांत नाहीं, त्यावर विसंबूं नये.

हें मोजमाप घरीं होण्याजोगें नाहीं. परंतु नमुना नीट देणें आपल्या हातीं आहे. टेट्रासायक्लिन उजेडानें नासतें. यास्तव पाणी स्वच्छ, गडद रंगाच्या बाटलींत भरून, बर्फांत ठेवून त्वरित पोंचवावें. आणि मोजण्याचा प्रसंगच कमी यावा असें वाटत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून प्रतिजैविक देऊं नये, व औषध दिलेल्या जनावराचें शेण पुरतें कुजविल्यावांचून शेतांत टाकूं नये. चांगल्या तापलेल्या खड्ड्यांत टेट्रासायक्लिनचा बराच अंश नाहींसा होतो. सर्व औषधें मात्र अशीं सहज नष्ट होत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.