आतला बर्फ वितळला का?

माझा भाचा लालबागच्या एका चाळीत दोन मित्रांबरोबर राहतो. खोली लहान. एक गॅस, एक कुकर, एक कढई आणि छोटा फ्रीज. मायक्रोवेव्ह नाही, आणि असता तरी ठेवायचा कुठे? एका रात्री कामावरून उशिरा आल्यावर त्याने गोठवलेल्या चिकन पॅटी मोठ्या आचेवर तळल्या. तीन-चार मिनिटांत छान तांबूस झाल्या. मला फोन करून हसत म्हणाला, "मामू, बाहेरून जीभ भाजली आणि आत बर्फ लागला!" भूक होती, तशाच खाल्ल्या. दोन दिवसांनी ताप आणि जुलाब. त्या पॅटीमुळेच झाले असे छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण तसे होऊ शकते, हे मात्र खरे.

श्रोतेहो, गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतूंची वाढ होते. मांसाचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत तापला, की ती भीती संपते. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला आणि लोकांनी कोंबडी खाणे सोडले, तेव्हाही तज्ज्ञ हेच सांगत होते : नीट शिजवा आणि खा.

अडचण आहे ती बर्फाची. एक ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापते! गॅसची आच बाहेरून आत जाते. त्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरचा भाग करपतो आणि आत बर्फ तसाच राहतो. शिवाय नगेट्स, पॅटी यांचे आवरण काही वेळा कारखान्यातच तळून तांबूस केलेले असते, पण आतले मांस कच्चेच असते. म्हणून पाकीट आधी वाचावे. मायक्रोवेव्हसाठी लिहिलेली मिनिटे गॅसला लागू पडत नाहीत.

मग करायचे काय? कच्चे तुकडे आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावेत. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवावे, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि लगेच शिजवावे. ओट्यावर तासन् तास ठेवू नये. मुंबईच्या उकाड्यात बाहेरचा भाग केव्हाच गरम होतो. सुटे तुकडे न वितळवता रश्शात शिजवता येतात, पण वेळ दीडपट धरावा. गोठलेला गोळा मात्र तसाच कुकरमध्ये टाकू नये.

नगेट्स, पॅटी बहुधा फ्रीझरमधून काढून थेट तळायच्या असतात. वरचा बर्फ झटकावा, नाहीतर तेल उडते. आच मध्यम ठेवावी, उलटत राहावे. तयार करी किंवा बिर्याणी प्लॅस्टिकच्या डब्यातून काढून पातेल्यात घ्यावी. दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर अधूनमधून हलवत राहावे. नुसत्या कडेला बुडबुडे आले म्हणजे झाले नाही. मधोमध वाफ यायला हवी.

शेवटी एक तुकडा जाड भागात कापून पाहावा. मांस गुलाबी असेल, रस लालसर असेल, तर परत आचेवर. अर्थात रंग नेहमीच खरे बोलत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, तो जाड भागात खुपसून पाहणे सर्वांत खात्रीचे. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही.

दोन गोष्टी आणखी. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये; शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. हात, सुरी, पाट मात्र साबणाने धुवावेत. आणि दादरला खरेदीला गेलात तर गोठवलेले पाकीट सगळ्यात शेवटी घ्यावे, वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि गप्पा मारत न थांबता थेट घर गाठावे.

भाचा आता बरा आहे. परवा त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "मामू, एक मोडून बघितली. आतून वाफ आली, मगच खाल्ली." एवढी सवय लागली, की मायक्रोवेव्ह नसल्याने काही अडत नाही.