मॅग्नेशियम सल्फेट

मॅग्नेशियम सल्फेट : मॅग्नेशियम या धातूचे एक सल्फेट लवण. याचे सात जलरेणू असलेले स्फटिक एप्सम लवण या नावाने ओळखले जातात. इंग्लंडमधील एप्सम येथील झऱ्याच्या कडवट पाण्यापासून ते सतराव्या शतकात मिळविण्यात आले. निहेमाय ग्रू यांनी त्यासंबंधीचा प्रबंध १६९५ मध्ये प्रसिद्ध केला.

संघटन व गुणधर्म : एप्सम लवण रंगहीन, कडवट व पाण्यात सहज विरघळणारे असते. त्याचा रेणुभार २४६·५ असून वजनाने सु. ५१% पाणी व सु. १०% मॅग्नेशियम असते. तापविल्यास ते टप्प्याटप्प्याने पाणी गमावते व शेवटी निर्जल चूर्ण उरते. किसेराइट या खनिजात एकच जलरेणू असतो. मिठागरातील मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवापासून, तसेच मॅग्नेसाइटावर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करून हे लवण तयार करतात.

घरगुती उपयोग : हे आतड्यात अल्प प्रमाणात शोषले जाते व तेथे पाणी धरून ठेवते, म्हणून ते सारक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मॅग्नेशियम रक्तात साचून स्नायू दुर्बल होतात व श्वसन मंदावते. कारण न कळलेल्या पोटदुखीतही ते घेऊ नये. कोमट पाण्यात ते घालून पाय शेकण्याची पद्धत आहे. मात्र त्वचेतून मॅग्नेशियम पुरेसे शोषले जाते, याला सबळ पुरावा नाही. डाग काढण्यासाठी वापरले जाणारे विषारी ऑक्झॅलिक अम्ल दिसण्यात अगदी असेच असते. या साम्यामुळे पूर्वी प्राणघातक विषबाधा झालेल्या आहेत. म्हणून नाव न लिहिलेल्या पुडीतील स्फटिक कधीही पोटात घेऊ नयेत. शेतीसाठीचे लवणही औषध म्हणून वापरू नये.

रुग्णालयात गर्भिणीच्या आकडीवर याचे अंतःक्षेपण देतात. ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचणीत (२००२) आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. हा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचा असतो.

शेती व पाणी : मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा घटक आहे. त्याच्या अभावी जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र (स्थापना २००५) असलेल्या सोलापूर परिसरात डाळिंब व द्राक्ष बागाइतदारांना हे लवण परिचित आहे. फवारणीचा विद्राव सामान्यतः ०·५ ते १% असतो. कॅल्शियम नायट्रेटाच्या संहत विद्रावात ते मिसळल्यास जिप्समाचा साका बसतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेशियमयुक्त खनिजे असल्याने तेथील विहिरींच्या पाण्यातही मॅग्नेशियम आढळते. मॅग्नेशियमाच्या अतिरेकाने पिकास पोटॅशियम कमी मिळते. त्यामुळे माती व पाणी तपासूनच मात्रा ठरविणे इष्ट असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. सल्फेटामुळे आलेला हा कठीणपणा कायम स्वरूपाचा असतो व पाणी उकळून तो जात नाही. भारतीय मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्यात दर लिटरला मॅग्नेशियम ३० मिग्रॅ. व सल्फेट २०० मिग्रॅ. पर्यंत असणे स्वीकारार्ह आहे.